कागद कोणाच्या हाती? आरंभीच्या इंग्रजी कादंबरीतील स्त्री

इंग्रजी कादंबरी आकाराला आली ती साधारण १६८० ते १८२० या काळात. त्या काळातल्या गाजलेल्या पुस्तकांची नुसती नावे वाचली तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. मॉल फ्लँडर्स, रोक्साना, पामेला, क्लॅरिसा, एव्हलिना, सेसिलिया, बेलिंडा, एमा: एकामागून एक पुस्तक बाईच्या नावाचे. याच काळात इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने साधा करारही करता येत नव्हता. कायद्याने जिला पुसून टाकले तिलाच कादंबरीने मध्यभागी का आणले, आणि आणल्यावर तिच्या हाती नेमके काय दिले, हा या आढाव्याचा प्रश्न आहे.

गेल्या पन्नासेक वर्षांत या प्रश्नावर भरपूर लिहिले गेले. चर्चा बहुतेक वेळा तीन मापांनी होते: शेवटी नायिकेचे लग्न होते का, तिचे शील टिकते का, ती बंड करते का. या मापांनी मोजले तर जवळजवळ सगळ्या नायिका कुठे ना कुठे कमी पडतात. कुणी लग्न करून गप्प बसते, कुणी मरते, कुणाला मठात धाडले जाते. मला एक चौथे माप अधिक खरे वाटते. या कादंबऱ्यांत पानापानांवर कागद आहेत: पत्रे, रोजनिशी, मृत्युपत्र, लग्नाचा दाखला, सहीसाठी पुढे सरकवलेला दस्तऐवज. तो कागद कोण लिहिते, कोण लपवते, कोण हिसकावून घेते आणि शेवटी कुणाच्या कागदावर विश्वास ठेवला जातो, हे पाहिले की स्त्रीच्या हाती किती सत्ता होती आणि किती नव्हती, याचा चोख हिशोब लागतो.

कायद्याची चौकट

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ‘कव्हर्चर’ नावाचे तत्त्व होते. लग्न झाले की नवरा-बायको कायद्याच्या नजरेत एकच व्यक्ती होत, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. विल्यम ब्लॅकस्टनने १७६५पासून प्रसिद्ध केलेल्या भाष्यात हे तत्त्व सविस्तर मांडले आहे. रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ असा होता की बाईचे रोख पैसे, दागिने आणि तिने कमावलेली मजुरी नवऱ्याची; जमीन तिच्या माहेरची असली तरी तिचे उत्पन्न त्याच्या ताब्यात. त्याच्या संमतीवाचून तिला मृत्युपत्र करता येत नसे आणि एकटीच्या नावाने फिर्याद लावता येत नसे. मुलांवरचा हक्क बापाचा. श्रीमंत घरांत विश्वस्त नेमून मुलीसाठी काही रक्कम वेगळी राखता येई, पण ही सोय मूठभरांची होती. बाकीच्यांसाठी तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

या चौकटीतही दोन फटी होत्या. सज्ञान अविवाहित स्त्री आणि विधवा यांना कायदा स्वतंत्र व्यक्ती मानत असे. म्हणून या कादंबऱ्यांतल्या विधवा इतक्या हुशारीने आणि मोकळेपणाने वावरतात. दुसरी फट लग्नाआधीच्या थोड्या दिवसांची. बापाच्या छपराखालून निघून नवऱ्याच्या नावात शिरण्याआधी मुलीच्या होकाराला आणि नकाराला काही काळ किंमत येते. १७५३च्या हार्डविक कायद्याने गुपचूप होणाऱ्या लग्नांना आळा घातला आणि परवान्याने होणाऱ्या लग्नात २१ वर्षांखालील मुलांसाठी वडीलधाऱ्यांची संमती सक्तीची केली, तेव्हा ही फट आणखी अरुंद झाली. इंग्रजी कादंबरीने आपला सगळा जीव याच फटीत ओतला. नायिका बहुधा सोळा ते पंचवीस वयाची असते आणि कथा लग्नापाशी थांबते ती यामुळे. त्यानंतर कायद्याच्या दृष्टीने सांगण्यासारखे माणूसच उरत नाही.

रिचर्डसनच्या आधी

इयन वॉटच्या १९५७च्या गाजलेल्या ग्रंथाने कादंबरीच्या उदयाचे श्रेय डीफो, रिचर्डसन आणि फील्डिंग या तिघांना दिले आणि पुढची पिढी तोच धडा गिरवत राहिली. पण त्यांच्या आधी आणि त्यांच्यासोबत लिहिणाऱ्या बायका होत्या. मार्गारेट कॅव्हेंडिशने १६६६ मध्ये एका काल्पनिक जगाची सम्राज्ञी रंगवली. लेखणीवर पोट भरणाऱ्या पहिल्या इंग्रज स्त्रियांत जिची गणना होते त्या अ‍ॅफ्रा बेनने १६८८ मध्ये ‘ओरुनोको’ लिहिली. डेलारिव्हिएर मॅनलीला १७०९ मध्ये ‘न्यू अटालांटिस’मधल्या राजकीय कुलंगड्यांबद्दल अटक झाली. एलायझा हेवुडची ‘लव्ह इन एक्सेस’ १७१९ मध्ये आली, म्हणजे ‘रॉबिन्सन क्रूसो’च्याच वर्षी, आणि तीही त्या काळातल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत मोडते. अलेक्झांडर पोपने १७२८च्या ‘डन्सियाड’मध्ये हेवुडची अत्यंत गलिच्छ टवाळी केली. लिहिणाऱ्या बाईचे नाव आणि अंगविक्रय करणाऱ्या बाईचे नाव एकाच दमात घेण्याची ही खोड पुढे शंभर वर्षे गेली नाही.

हेवुडची ‘फँटोमिना’ (१७२५) छोटी आहे, पण स्त्रीच्या ओळखीबद्दल ती जे दाखवते ते थक्क करणारे आहे. एक उच्चकुलीन तरुणी नाटकगृहात वेश्येच्या वेशात जाते आणि ब्योप्लेझिर नावाच्या पुरुषाच्या प्रेमात पडते. त्याचे मन उडाले की ती बाथ शहरात मोलकरीण होते, मग शोकात बुडालेली विधवा, मग मुखवटा घातलेली अनामिका. चारही वेळा तोच पुरुष, आणि चारही वेळा आपल्यासमोर नवीन बाई आहे असे त्याला वाटते. बाईचे कपडे, बोली आणि वर्ग बदलला की पुरुषाला ती दिसेनाशी होते, ही हेवुडची शोधक नजर. मुलगी गरोदर राहते, आई येऊन पोहोचते आणि तिला फ्रान्समधल्या मठात पाठवते. तिचे खरे नाव मात्र लेखिका शेवटपर्यंत उघड करत नाही. कथेत तिने वेगवेगळ्या बाई म्हणून वेगवेगळ्या वळणाच्या अक्षरात पत्रेही लिहिलेली असतात. तिची सत्ता जेवढी आहे तेवढी त्या बदलत्या अक्षरांत आहे. तिच्या शरीरावर मात्र समाजाचा हक्क अबाधित राहतो.

डीफोने हाच प्रश्न पैशांच्या बाजूने हाताळला. १७२२ मधली मॉल फ्लँडर्स न्यूगेट तुरुंगात जन्मते. लहानपणी तिला घरंदाज बाई व्हायचे असते, आणि घरंदाज बाई म्हणजे काय, तर कुणाच्या घरी चाकरी न करता स्वतःच्या सुईदोऱ्यावर जगणारी बाई, असा तिचा निरागस समज. मोठी माणसे हसतात. पुढे पाच लग्ने, चोऱ्या, व्हर्जिनियाला काळ्या पाण्याची सजा आणि अखेर सुबत्ता, एवढा पल्ला ती गाठते. पण तिचे खरे नाव ती सांगत नाही. आणि प्रस्तावनेत संपादक बजावतो की तिची मूळ भाषा जशीच्या तशी छापण्याजोगी नव्हती, म्हणून ती सभ्य करून घेतली आहे. बाईची कहाणी छापायची, पण तिचे शब्द धुऊन घ्यायचे. आत्मकथा म्हणून वाचकापुढे येणाऱ्या कागदावर पहिल्या पानापासून पुरुषाचा हात फिरलेला आहे, हे डीफो लपवत नाही.

१७२४ची रोक्साना तर लग्नच नाकारते. नवरा पाच मुले पदरात टाकून निघून गेल्यावर तिने जगायला शिकून घेतलेले असते. तिच्यावर मनापासून प्रेम करणारा डच व्यापारी मागणी घालतो तेव्हा ती त्याला सरळ कायदा ऐकवते: लग्न म्हणजे स्वतःची मिळकत आणि मर्जी दोन्ही दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. इंग्रजी कथावाङ्मयात इतका स्वच्छ युक्तिवाद स्त्रीच्या तोंडी क्वचितच आला होता. पण डीफो तिला सुखाने सोडत नाही. टाकून दिलेली मुलगी तिला शोधत येते आणि रोक्सानाची आयुष्यभराची दासी एमी त्या मुलीचा काटा काढते, असे सुचवले जाते. स्वातंत्र्याची किंमत मुलीच्या रक्ताने चुकवावी लागते, हा शेवट भीतीतून आला आहे. पण त्या भीतीने रोक्सानाचा युक्तिवाद खोडला जात नाही.

पामेला: अंगावर शिवलेली पत्रे

सॅम्युअल रिचर्डसन लंडनमधला छापखानावाला. साध्या माणसांसाठी नमुन्याच्या पत्रांचे पुस्तक तयार करता करता त्याला एका मोलकरणीची गोष्ट सुचली आणि १७४० मध्ये ‘पामेला’ आली. पंधरा वर्षांची पामेला अँड्र्यूज, तिच्यावर डोळा ठेवणारा तरुण मालक मि. बी., आणि आईवडिलांना लिहिलेली तिची पत्रे. मालक तिला लिंकनशरच्या घरात डांबतो. तो नुसता मालक नाही, त्या भागाचा न्यायाधिकारीही आहे. मग तक्रार करायची कुणाकडे? तेव्हा ती लिहिते. लिहिलेले कागद ती बागेत पुरते आणि शेवटी आपल्या परकराच्या आत कमरेभोवती शिवून टाकते. मालकाला कळते तेव्हा तो कपडे उतरवून झडती घेण्याची धमकी देतो. शरीर आणि कागद इथे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

मि. बी. ते कागद वाचतो आणि बदलतो. मोलकरणीच्या मनात एवढे काही चालू असते याचा त्याला पत्ताच नव्हता. ज्या काळात मोलकरणीचे मन ही कुणाच्या खिजगणतीतली गोष्ट नव्हती, त्या काळात हा मोठाच बदल. पण पुढे लग्न होते आणि नवरा बायकोने कसे वागावे याची लांबलचक यादी सुनावतो. पामेला ती नम्रपणे टिपून घेते. आता लेखणी तिचीच, मजकूर त्याचा. फील्डिंगने १७४१ मध्ये ‘शमेला’ लिहून पामेला धूर्त ठरवली आणि त्याच वर्षी हेवुडनेही ‘अँटि-पामेला’ लिहिली. गरीब मुलगी नाही म्हणते तेव्हा ती किंमत वाढवत असली पाहिजे, हा संशय तेव्हाही होता आणि आजही संपलेला नाही.

क्लॅरिसा: नकाराची कादंबरी

या साऱ्या परंपरेचे शिखर म्हणजे १७४७-४८ मध्ये सात खंडांत आलेली ‘क्लॅरिसा’. दहा लाखांच्या घरात शब्द असलेली ही पत्रात्मक कादंबरी एका मृत्युपत्राने सुरू होते आणि दुसऱ्या मृत्युपत्राकडे जाते. आजोबा आपली इस्टेट नातवाला डावलून क्लॅरिसाच्या नावाने ठेवतात. घर पेटते. भाऊ, बहीण, काका सगळे एक होतात आणि सोम्स नावाच्या धनाढ्य, ओंगळ माणसाशी तिचे लग्न ठरवतात. ती इस्टेटीवर पाणी सोडायला तयार आहे, जन्मभर कुमारिका राहायला तयार आहे. फक्त हे स्थळ नको. तेवढेही घरच्यांना चालत नाही. तिला खोलीत कोंडतात आणि मग तिची शाई-लेखणी काढून घेतात. तिने थोडी शाई, थोडे कागद आधीच दडवून ठेवलेले असतात.

तिच्या मागे लागलेला रंगेल लव्हलेस तिला फसवून घराबाहेर काढतो आणि लंडनमध्ये एका कुंटणखान्यात आणून ठेवतो. ते घर काय आहे याची तिला कल्पना नसते. तो तिची पत्रे अडवतो, मैत्रीण अ‍ॅना हाऊच्या नावाने बनावट पत्रे लिहितो. तिचा छळ आधी टपालातून सुरू होतो. शेवटी गुंगीचे औषध देऊन तो तिच्यावर बलात्कार करतो. इतकी प्रचंड कादंबरी त्या घटनेपाशी एका ओळीच्या पत्रात आटपते, कारण लव्हलेसकडे सांगण्यासारखे काही उरत नाही आणि क्लॅरिसा शुद्धीत नसते.

नंतर जे येते ते नीट पाहण्याजोगे आहे. क्लॅरिसा कागदांचे कपटे लिहून फेकते. दहा तुकडे. कुणाला पत्र सुरू केलेले, मध्येच तुटलेले. एक छोटी रूपककथा. आणि दहाव्या तुकड्यावर कवितांच्या आठवलेल्या ओळी, काही सरळ, काही पानाच्या कडेला तिरक्या. रिचर्डसन स्वतः मुद्रक होता. पानावर खिळे वाकडे बसवून त्याने तिच्या मनाची मोडतोड छापून दाखवली. आपल्या आयुष्याचा सलग वृत्तान्त लिहिणाऱ्या मुलीकडून सलगपणाच हिरावला गेला, हे वाचकाला वाक्यांतून सांगावे लागत नाही. पान पाहिले की कळते.

त्यानंतर सगळे जग एकच उपाय सांगते: त्याच्याशी लग्न कर. लव्हलेसचे खानदानी नातलग विनवतात, जिवाभावाची मैत्रीणही तेच म्हणते. अब्रू झाकायची तर दुसरा रस्ता नाही. क्लॅरिसा नाही म्हणते. वृद्ध धर्मोपदेशक डॉ. लुएन तिला फिर्याद करायला सुचवतात, तेव्हा ती विचारपूर्वक नकार देते: मी त्याच्यासोबत घरातून निघाले एवढेच कोर्टात पुढे केले जाईल आणि माझे म्हणणे बुडेल. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीतले हे कारण आजच्या कोणत्याही न्यायालयाच्या आवारात ऐकू येते.

मरणाची चाहूल लागल्यावर ती स्वतःची शवपेटी विकत आणते, तिच्यावर काय कोरायचे ते स्वतः ठरवते आणि ती पेटी खोलीत ठेवून तिच्यावरच कागद ठेवून लिहीत बसते. मृत्युपत्र करते. व्यवस्थापक म्हणून लव्हलेसचाच मित्र बेलफर्ड याला नेमते आणि सगळी पत्रे एकत्र करून आपली हकिकत जगापुढे राहील अशी तजवीज करते. लग्न केले असते तर मृत्युपत्रासाठीही तिला नवऱ्याची परवानगी लागली असती. अविवाहित मरते म्हणून सही तिची राहते. मरणाला विजय म्हणणे मला पटत नाही, आणि स्त्रीने स्वतःला संपवूनच स्वतःची व्हावे ही मागणी क्रूर आहे. तरीही तिने काय वाचवले हे नेमके सांगता येते: आपल्यावर काय झाले हे सांगण्याचा हक्क.

समीक्षकांत याच कादंबरीवरून सर्वांत तीव्र वाद झाला. विल्यम वॉर्नरने १९७९ मध्ये लव्हलेसच्या खेळकर कल्पकतेला झुकते माप दिले. टेरी कॅसलने १९८२ मध्ये दाखवले की या कादंबरीत अर्थ लावण्याची सत्ता सारखी वाटलेली नाही आणि क्लॅरिसाचे म्हणणे पदोपदी तोडले जाते. त्याच वर्षी टेरी ईगल्टनने तिच्या मृत्यूत राजकीय नकार वाचला. मला कॅसलचे निरीक्षण सर्वांत उपयोगी वाटते, कारण पत्राचा अर्थ ते कोण लिहितो याइतकाच कोण वाचतो यावरही अवलंबून असतो, हे तिने ठामपणे पुढे आणले.

दाखला, आडनाव आणि उसने अक्षर

शतकाच्या मध्यावर स्त्री-लेखकांनी वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या. शार्लट लेनक्सच्या ‘द फीमेल क्विक्झॉट’ (१७५२) मधली अ‍ॅराबेला जुने फ्रेंच प्रणयग्रंथ खरे मानते, कारण त्या पुस्तकांत बायकांचा शब्द चालतो. तिला ‘शुद्धीवर’ आणणे म्हणजे तिच्याकडून ती सत्ता काढून घेणे. सेरा स्कॉटने ‘मिलेनियम हॉल’मध्ये (१७६२) आपापली मालमत्ता एकत्र करून शाळा आणि उद्योग चालवणाऱ्या स्त्रियांची वसाहत कल्पिली. लग्नावाचून सन्मानाने जगण्याचा आराखडाच तिने लिहून ठेवला.

मात्र नाव आणि ओळख यांचा प्रश्न ज्या बारकाईने फॅनी बर्नीने मांडला तसा दुसऱ्या कुणी नाही. ‘एव्हलिना’च्या (१७७८) बापाने तिच्या आईशी झालेल्या लग्नाचा दाखला जाळून टाकलेला आहे. एका कागदाची राख झाली आणि मुलगी बिनानावाची झाली. तिला वापरायला एक बनवलेले आडनाव दिले जाते. पुढे मृत आईचे पत्र आणि आईशी मिळताजुळता चेहरा या दोन पुराव्यांवर तिचे नाव तिला मिळते, आणि मिळते न मिळते तोच लग्नाने ते बदलते. ‘सेसिलिया’मध्ये (१७८२) गोष्ट उलटी आहे. काकाच्या मृत्युपत्राची अट अशी की वारसा हवा तर नवऱ्याने सेसिलियाचे आडनाव घ्यायचे. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार केलेली गोष्ट एका पुरुषाला करायला सांगितली आणि डेल्व्हिल घराण्याची प्रतिष्ठा धोक्यात आली. सेसिलिया संपत्ती गमावते, लंडनच्या रस्त्यांवर भ्रमिष्ट होऊन फिरते आणि एका गहाणवट दुकानदाराच्या घरी सापडते.

बर्नीची स्वतःची कथा याहून वेगळी नाही. वडिलांच्या संगीताच्या इतिहासाची हस्तलिखिते तीच उतरवून देत असे. छापखान्यातल्या लोकांना तिचे अक्षर ओळखता येईल या धास्तीने ‘एव्हलिना’ तिने वळण बदलून पुन्हा लिहून काढली. प्रकाशकाकडे ती स्वतः गेली नाही. भाऊ वेश बदलून गेला. पुस्तक निनावी छापले गेले आणि मोबदला मिळाला वीस गिनी. रात्री चोरून, उसन्या अक्षरात लिहिणारी बाई आणि कथेत उसन्या आडनावाने वावरणारी नायिका यांचे दुःख एकाच मुळातले आहे.

किल्ल्यातली सही, वेड्यांच्या घरातली कैफियत

१७९० नंतर अ‍ॅन रॅडक्लिफने भयकथेच्या आवरणात हाच प्रश्न हाताळला. ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्ये (१७९४) पडदे, भुयारे, सांगाडे सगळे आहे, पण किल्ल्याचा मालक मोंतोनी याला हवी असते एक सही. नायिका एमिली हिच्या आत्याशी तो लग्न करतो आणि तिच्या वेगळ्या राखलेल्या मालमत्तेचे कागद करून मागतो. ती नकार देते आणि किल्ल्यात कैदेत खितपत मरते. मग तोच दस्तऐवज एमिलीपुढे येतो. वाचकांना भुताची भीती दाखवत रॅडक्लिफने खरी भीती कुठे असते ते सांगितले. आणि या लेखिकेला त्या पुस्तकासाठी ५०० पौंड मिळाले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मेरी वुलस्टनक्राफ्टने किल्ल्याचे आवरणही फेकून दिले. १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांची कैफियत मांडणारी ही विचारवंत बाळंतपणानंतर १७९७ मध्ये वारली. तिची अपुरी कादंबरी ‘मराया, ऑर द राँग्ज ऑफ वुमन’ पुढच्या वर्षी तिचा नवरा विल्यम गॉडविन याने प्रसिद्ध केली. मराया शहाणी आहे, तरी नवऱ्याने तिला खासगी वेड्यांच्या घरात कोंडले आहे आणि तान्ही मुलगी हिरावून घेतली आहे. तिथे बसून ती मुलीसाठी आपली कहाणी लिहिते. पुढे खटल्यात आपले म्हणणे लिहून देते आणि ते न्यायालयात वाचले जावे असा आग्रह धरते. न्यायाधीश ते ऐकतो आणि बायकांच्या भावनांना कायद्यात थारा दिला तर काय अनर्थ होईल, एवढेच सांगतो. घरात लपवलेला कागद पहिल्यांदा उघड्या न्यायालयात पोहोचला. नाकारला गेला, पण पोहोचला.

जिच्या हाती कागदच नाही

या आढाव्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद इथे करायला हवी. लेखणी हाती असणे हे सुद्धा वर्गाचे आणि वर्णाचे भाग्य होते. ‘ओरुनोको’मधली गुलाम इमोइंडा बंडात उतरते, विषारी बाणाने गव्हर्नरला जखमी करते, आणि शेवटी नवऱ्याच्या हातून मरण पत्करते. तिची कथा सांगणारी गोरी निवेदिका मात्र स्वतःच्या लेखणीच्या कीर्तीची आस धरते. एका स्त्रीचा आवाज दुसरीच्या मौनावर उभा आहे. वुलस्टनक्राफ्टने याची काहीशी भरपाई केली: वेड्यांच्या घरातली राखणदार जेमायमा, अनौरस म्हणून जन्मलेली, मालकाने नासवलेली, पोटासाठी वाट्टेल ते भोगलेली, स्वतःची हकिकत स्वतः सांगते. सांगते, लिहीत नाही. पण मरायाची दुःखे या कथेशेजारी ठेवली की दोघींचे जोखड एकच दिसते आणि ओझे वेगळे.

१८०८ मधली निनावी कादंबरी ‘द वुमन ऑफ कलर’ आज नव्याने वाचली जाते. जमैकातल्या मळेवाल्याची आणि गुलाम स्त्रीची मुलगी ऑलिव्हिया फेअरफिल्ड वडिलांच्या मृत्युपत्रातल्या अटीमुळे चुलतभावाशी लग्न करायला इंग्लंडला येते. ते लग्न मोडते, कारण त्याची पहिली बायको जिवंत असते. ऑलिव्हिया दुसरे लग्न करत नाही. जमैकाला परत जाते. ती पत्रे लिहिते, आणि तिच्या पत्रांत इंग्रज दिवाणखान्यांचा उद्धटपणा बाहेरून पाहिलेला दिसतो. हे पुस्तक हाती घेतल्यावाचून या काळातल्या स्त्रीबद्दल सरसकट विधान करू नये.

आक्षेप आणि उत्तर

१९८६ मध्ये जेन स्पेन्सर आणि डेल स्पेंडर यांच्या ग्रंथांनी विसरलेल्या लेखिकांना पुन्हा इतिहासात बसवले. पुढच्याच वर्षी नॅन्सी आर्मस्ट्राँगने एक अवघड प्रश्न टाकला. या कादंबऱ्यांनी स्त्रीला मन दिले खरे, पण त्याच मनाला शिस्त लावून तिला घरात बसवलेही. मध्यमवर्गाची आदर्श गृहिणी घडवण्याचे काम कादंबरीनेच केले, असे तिचे म्हणणे. पामेलाने टिपून घेतलेली यादी आठवली की हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. माझे उत्तर एवढेच की लिहायला शिकवलेली व्यक्ती फक्त दिलेला मजकूर उतरवत राहील याची खात्री कुणालाच देता येत नाही. पामेलाने यादी उतरवली. तिच्यानंतर सात वर्षांनी क्लॅरिसाने मृत्युपत्र केले, आणि क्लॅरिसानंतर पन्नास वर्षांनी मरायाने कोर्टात कैफियत दिली.

जेन ऑस्टिनने ही सगळी परंपरा वाचलेली होती. ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’त ती बर्नी आणि मराया एजवर्थ यांच्या कादंबऱ्यांची बाजू उघडपणे घेते. तिची पुस्तके तिच्या हयातीत नावाशिवाय निघाली. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क ११० पौंडांना विकले गेले. ‘पर्स्वेजन’मध्ये अ‍ॅन एलियट नौदलातल्या एका गृहस्थाशी वाद घालते: पुस्तकांतले दाखले मला देऊ नका, आजवर लेखणी पुरुषांच्याच हाती होती. ती हे बोलत असताना त्याच खोलीत, जिच्या मनात ज्याच्यावरचे प्रेम टिकून आहे तो कॅप्टन वेंटवर्थ लिहीत बसलेला असतो. त्याच्या हातातली लेखणी खाली पडते आणि तिचे बोलणे ऐकता ऐकता तो तिला पत्र लिहितो. बाई बोलते, पुरुष ऐकतो आणि मग लिहितो: पामेलापासून इथवरचा क्रम इथे उलटा झाला.

कागद कायद्यापर्यंत पोहोचतो

नवऱ्याने मुले तोडलेल्या कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने पत्रके काढून झुंज दिली आणि १८३९ मध्ये मुलांच्या ताब्याचा कायदा झाला. १८७० आणि १८८२च्या कायद्यांनी विवाहित स्त्रीला तिची मिळकत मिळाली. कादंबऱ्यांनी हे कायदे केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण घराण्याच्या एकमुखी म्हणण्याविरुद्ध एकट्या बाईच्या लेखी म्हणण्यावर विश्वास ठेवायची सवय वाचकांना शंभर वर्षे लागत होती, आणि ती सवय या पुस्तकांनी लावली.

आपल्याकडे या इतिहासाचा धागा रखमाबाईंच्या खटल्यात सापडतो. त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबईत लावलेला दावा वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा होता, आणि हा उपाय इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून इकडे आलेला. खुद्द इंग्लंडमध्ये त्याच वर्षी असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द झाली. मुंबईत मात्र १८८७ मध्ये रखमाबाईंपुढे नवऱ्याचे घर किंवा सहा महिने तुरुंग, असा पर्याय ठेवला गेला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. त्याआधी १८८५ मध्ये त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने पत्रे लिहून बालविवाहाविरुद्ध आवाज उठवला होता. नाव झाकून मत उघड मांडायचे, हा मार्ग बर्नी आणि ऑस्टिन यांच्या पिढीने चोखाळलेलाच होता. रखमाबाईंच्या हाती तो कल्पित कथेबाहेर, प्रत्यक्ष लढ्यात आला.

म्हणून आरंभीच्या इंग्रजी कादंबरीतली स्त्री जिंकली की हरली, या प्रश्नाने फार काही हाती लागत नाही. इस्टेट, मुले, स्वतःचे शरीर यांवरचा हक्क तिला बहुतेक ठिकाणी मिळाला नाही. स्वतःची हकिकत स्वतः सांगण्याचा हक्क मात्र तिने पुस्तकागणिक थोडा थोडा मिळवला, आणि बाकीचे हक्क मागायला तोच हक्क पुढे उपयोगी पडला. ज्यांना तोही मिळाला नाही किंवा लेखणीविनाच मिळाला, त्या इमोइंडांची आणि जेमायमांची गणती केल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही. या कादंबऱ्या पुढे ज्यांना अभ्यासायच्या आहेत त्यांनी नायिकेच्या लग्नाची तारीख कमी आणि तिच्या कागदांचा प्रवास अधिक तपासावा. जुन्या पुस्तकांतली खरी लढाई तिथे नोंदलेली आहे.